मुख्यमंत्र्यांना गणितात ४१

जून उजाडला की राज्यात दोन गोष्टी उघडतात, छत्र्या आणि मंत्रिमंडळं. छत्रीला निदान पाऊस लागतो. शालेय मंत्रिमंडळाला तेवढंही निमित्त लागत नाही. पहिली घटक चाचणी व्हायच्या आत मुख्यमंत्री, दोन उपमुख्यमंत्री (ही सोय थोरांकडून उचललेली), शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, सहलमंत्री आणि कुठेच न बसणाऱ्याला बसवायला एक सांस्कृतिक मंत्री, असा सगळ्यांचा शपथविधी उरकलेला असतो. मतदान मोबाइलच्या अ‍ॅपवर, बोटाला स्केचपेनची शाई, दाराशी शिट्टी घेऊन आरएसपीचा, म्हणजे रस्ता सुरक्षा दलाचा, पोरगा. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर बातमी: चिमुकल्यांनी अनुभवली लोकशाही. चिमुकले नववी-दहावीतले, दोघा-तिघांना मिसरूड फुटलेलं. पण शाळेची बातमी म्हटली की चिमुकलेच.

आमच्या इमारतीत अशा एक मुख्यमंत्री राहतात. इयत्ता दहावी, तुकडी अ, मराठी माध्यम, अनुदानित शाळा. प्रचंड बहुमताने निवडून आल्या, कारण समोरच्या उमेदवाराने क्लासची वेळ जुळत नाही म्हणून ऐन वेळी माघार घेतली. शहाणा निघाला. पूर्वपरीक्षेत त्याला गणिताच्या दोन्ही भागांत मिळून ऐंशीपैकी ७४ पडले आणि मुख्यमंत्र्यांना ४१. राज्यशास्त्रात महोदयांचा ‘निवडणूक प्रक्रिया’ या धड्यावरचा प्रश्न गेला. हा धडा वर्गात शिकवला जात होता तेव्हा त्या शेजारच्या खोलीत मतदानासाठी बाकं लावून घेत होत्या. लोकशाहीसाठी एवढी किंमत मोजावीच लागते, असं सर म्हणाले म्हणे. मोजणारे सर नव्हते.

घरचे म्हणतात, पुढारपणामुळे अभ्यास बुडाला. शाळा म्हणते, पुढारपणामुळे व्यक्तिमत्त्व घडलं. पोरगी दिवसभर नेमकं करते काय, हे दोघांनीही विचारलेलं नाही. मी जिन्यात गाठून विचारलं.

शाळा साडेदहाची, मुख्यमंत्री दहाला हजर. माइकचं कपाट उघडायचं, वायर ओढायची, ‘हॅलो, चेक’ म्हणायचं. मग परिपाठ: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. बोधकथेचा मुलगा गैरहजर असला तर तीही यांनीच सांगायची. त्यासाठी एक ससा आणि एक कासव कायम शिलकीत ठेवलेले. वर्गात आल्यावर फळ्याच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर. खडू संपलेले असतात, ते ऑफिसातून आणायचे. कारकून भाऊसाहेब म्हणतात, “थांब गं जरा, हा दाखला होऊ दे.” दाखला होईपर्यंत वर्गात समरूप त्रिकोणांची कसोटी शिकवून झालेली असते. महोदया खडू घेऊन पोहोचतात तेव्हा सर त्याच खडूने उदाहरण घालतात.

दुसऱ्या तासाला सूचनावही. हे प्रकरण शाळेबाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून जरा सविस्तर. मुख्याध्यापकांना काही कळवायचं असलं की ते सूचनावहीत लिहितात आणि वही वर्गावर्गातून फिरते. फिरवायचं काम मामांचं, म्हणजे शिपायांचं. पण एक मामा निवृत्त झाले त्यांची जागा भरलेली नाही, आणि दुसरे मामा बँकेत गेलेत. म्हणून वही मुख्यमंत्र्यांकडे. पाचवी अपासून दहावी कपर्यंत, सहा इयत्ता, तीन-तीन तुकड्या, अठरा दारं. प्रत्येक दारात “सर, येऊ का आत?” सर फळ्याकडून वळतात, चष्मा शोधतात, ‘उद्या सर्वांनी पूर्ण गणवेशात यावे’ हे मोठ्याने वाचतात, सही करायला जातात तर पेन चालत नाही. मुख्यमंत्री स्वतःचं देतात. काही सर सही झाल्यावर ते पेन सवयीने स्वतःच्या खिशाला लावतात, आणि सरांकडे पेन परत मागायचं कसं, हे कुठल्याच नेतृत्व शिबिरात शिकवलेलं नसतं. अठरा दारं करून वर्गात यावं तर विज्ञानाचा तास आटोपलेला. फळा पुसणं हे मॉनिटरचं काम, आणि वर्गाच्या मॉनिटरही याच. म्हणजे जो धडा बघितला नाही तो निदान पुसायला तरी मिळतो.

मग मोकळा तास. कागदावर त्याला मोकळा म्हणत नाहीत, बदली तास म्हणतात. बदलीवर आलेले सर दाराशी येऊन “मॉनिटर, बघ गं जरा” एवढं म्हणून शिक्षक खोलीत परततात, कारण त्यांना कसलीतरी माहिती ऑनलाइन भरायची असते आणि आज शेवटची तारीख असते. आज कायमच शेवटची तारीख असते. महोदया वर्गाकडे तोंड करून उभ्या राहतात. फळ्यावर उजवीकडे ‘बोलणाऱ्यांची नावे’, खाली रेघ. पहिल्यांदा बोललं की नाव, पुन्हा बोललं की नावापुढे फुली, मग दुसरी फुली. पाच फुल्या झाल्या की काय होतं हे आजवर कुणालाच कळलेलं नाही, कारण तोवर घंटा होते. पण तेवढा वेळ वर्ग चिडीचूप बसतो आणि भूमितीचा सरावसंच उरकून घेतो. उभी असते ती एकटी मॉनिटर, तिची वही दप्तरात. अख्ख्या वर्गाला अभ्यासाला बसवणारी मुलगी हीच त्या वर्गात अभ्यास न करणारी एकमेव विद्यार्थिनी. वर जिवलग मैत्रीण आठवडाभर बोलत नाही, कारण तिच्या नावापुढे तीन फुल्या.

हे झाले साधे दिवस. शाळेच्या पंचांगात साधे दिवस फार नसतात. प्रवेशोत्सव, योग दिन, आषाढीची दिंडी, टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती एकाच दिवशी, पंधरा ऑगस्ट, शिक्षक दिन, हिंदी दिवस, वाचन प्रेरणा दिन, बालदिन, संविधान दिन, क्रीडा महोत्सव, स्नेहसंमेलन, बालिका दिन, जिजाऊ जयंती, सव्वीस जानेवारी, मराठी भाषा गौरव दिन. महापुरुषांबद्दल आमची काहीच तक्रार नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांनी स्वतः भरपूर अभ्यास केला होता. वाचन प्रेरणा दिनाचंच घ्या. त्या दिवशी सगळी शाळा तासभर पुस्तक वाचते आणि मुख्यमंत्री वाचणाऱ्यांचे फोटो काढून ते गटावर टाकतात, कारण अहवाल संध्याकाळपर्यंत वर जायला हवा.

आणि दिवस कुठलाही असो, कामाची वाटणी ठरलेली. मुलांनी बाकं आणि स्पीकर उचलायचे, मुलींनी रांगोळी, औक्षणाचं ताट, स्वागतगीत. बाकं उचलायला पंधरा मिनिटं लागतात. स्वागतगीताला आठवडाभर तालीम लागते, आणि पाहुणे दोन तास उशिरा येतात. मुलगी निवडून मुख्यमंत्री झाली असली तरी ताट तिच्याच हातात. उपमुख्यमंत्री मुलगा असेल तर तो सूत्रसंचालन करतो. सूत्रसंचालनाचं प्रमाणपत्र मिळतं, औक्षणाचं मिळत नाही.

आता सांगा, यात नेतृत्व कुठे आलं? कपाटाची किल्ली, खडूची पेटी, वहीची फेरी, नावांची यादी. ही सगळी शिपायाची आणि कारकुनाची कामं आहेत, आणि तीही मानाची कामं आहेत. त्यांना पगार असतो, रजा असते, भविष्य निर्वाह निधी असतो. पंधरा वर्षांच्या मुलीकडून ती फुकटात करून घ्यायची आणि छातीवर बिल्ला लावायचा, याला नेतृत्व विकास म्हणायची पद्धत पडली आहे.

नेतृत्व म्हणजे निदान काहीतरी ठरवता येणं. महोदयांनी कारकिर्दीत एकदाच काही ठरवलं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. म्हणजे जाणार एक आणि तास बुडणार दोघींचा. हा विषय मंत्रिमंडळाच्या बैठकीत आला, ठराव झाला, आरोग्यमंत्र्यांनी अनुमोदन दिलं. ठराव घेऊन महोदया ऑफिसात गेल्या. “बघू,” असं उत्तर आलं. महिन्याने गेल्या. “अनुदान येऊ दे, मग बघू.” कडीला अनुदान लागतं हे त्यांना तेव्हा कळलं. शेवटी आरोग्यमंत्र्यांचे बाबा, ज्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, एका रविवारी ड्रिल मशीन घेऊन आले आणि चार स्क्रू मारून मोकळे झाले. वार्षिक अहवालात मात्र ओळ आली: ‘विद्यार्थी मंत्रिमंडळाच्या सहभागातून स्वच्छतागृहाचे सक्षमीकरण’. पुढच्या वर्षीच्या मंत्रिमंडळाने हा अहवाल वाचून काय बोध घ्यावा? आरोग्यमंत्री निवडताना वडिलांचा व्यवसाय बघावा, एवढाच.

पुढारपण आणि अभ्यास या विषयावर अभ्यासकांनीही कागद काळे केलेत. जेम्स कोलमन यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली दहा हायस्कुलं पालथी घालून १९६१ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, पोरापोरांत मान मिळतो तो खेळाडूला आणि चारचौघांत मिरवणाऱ्याला. अभ्यासूला कुणी विचारत नाही, मग पोरांचा जीवही तिकडेच ओढतो. नंतरच्या अभ्यासकांना उलटं दिसलं: अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांत असणाऱ्या मुलांचे गुण सहसा बरेच निघाले. मार्श आणि क्लाइटमन या जोडीने २००२ मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’त त्यात मेख मारली. फायदा होतो, पण एका मर्यादेपर्यंत. उपक्रमांची गर्दी फार झाली की तोच फायदा उतरणीला लागतो. अति तिथे माती हे आपल्याकडे आधीच ठरलेलं होतं, फक्त त्याचा आलेख काढायचा राहिला होता.

आपल्या शाळा यातलं पहिलं अर्धं वाक्य तेवढं उचलतात. आमचे विद्यार्थी नेते बघा, सगळे ऐंशी टक्क्यांच्या वर. असणारच. मॉनिटर निवडताना तुम्ही बघता काय? अक्षर चांगलं, गृहपाठ वेळेवर, पहिल्या पाचात नंबर, उलट बोलत नाही. हुशार पोरं वेचून त्यांना नेते करायचं आणि मग नेतृत्वाने हुशारी येते म्हणायचं. उंच मुलांना मागच्या बाकावर बसवून, मागच्या बाकावर उंची वाढते असा शोध लावण्यापैकीच हे. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. ही मुलगी मुख्यमंत्री नसती तर तिला किती पडले असते? तो आकडा कुठल्या प्रगतिपुस्तकात येत नाही. काठावरचं पोरगं नापास झालं तर नुकसान लगेच दिसतं. पंच्याण्णवची पोरगी ब्याऐंशीवर आली तर शाळा पेढे वाटते.

आणखी एक अभ्यास पालकांच्या गटांवर आनंदाने फिरवण्यासारखा आहे. पीटर कुन आणि कॅथरीन वाइनबर्गर या अर्थशास्त्रज्ञांना २००५ मध्ये आढळलं, की हायस्कुलात संघाचे कप्तान किंवा एखाद्या क्लबचे अध्यक्ष असलेले लोक पुढे इतरांपेक्षा जास्त कमावतात, बुद्धीच्या चाचण्यांतले गुण सारखे धरले तरी. ऐकून बरं वाटतं. फक्त तो अभ्यास अमेरिकन पुरुषांचा आहे. तिथला कप्तान खेळाचा डाव आखतो, क्लबचा अध्यक्ष चार निर्णय घेतो. अठरा दारांवर वही फिरवणाऱ्या मुली पुढे किती कमावतात याचा शोध अजून कुणाला घ्यावासा वाटलेला नाही. वही फिरवायचा अनुभव त्यांना बहुधा पहिल्या नोकरीत उपयोगी पडत असेल.

बरं, ही मॉनिटरगिरी साहेबाने आपल्यावर लादली असं आपण समजतो. ती निम्मी इथूनच तिकडे गेली. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासला एग्मोरच्या लष्करी अनाथालयाचा कारभार बघत होता. तिथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली, आपल्या पंतोजींच्या धूळपाटीसारखीच. हे आपल्याही शाळेत करावं असं त्याच्या मनाने घेतलं. त्याच्या मास्तरांनी दाद दिली नाही. मास्तर मंडळींचा नव्या उपक्रमांबद्दलचा उत्साह तेव्हाही आजच्याइतकाच होता. तेव्हा बेलने आठ वर्षांच्या एका पोराला धाकट्यांसमोर उभं केलं. पोराला जमलं. १७९७ साली बेलने लंडनला याचं पुस्तक छापलं. तिकडे जोसेफ लँकेस्टरने असाच कारखाना उघडला: एक मास्तर, शेकडो पोरं आणि मध्ये मॉनिटरांची फळी. या पद्धतीचा सगळ्यात थोर गुण म्हणजे ती स्वस्त होती. तेव्हा मास्तरचं काम पोरावर ढकललं जाणं हा काही आमच्या मुख्याध्यापकांचा शोध नाही. त्यांनी शिपायाचं कामही ढकललं, एवढीच त्यांची भर.

पण बेलचा पोरगा शिकवत होता, हे विसरू नका. जो शिकवतो त्याचं स्वतःचं पक्कं होतं, हे कुठल्याही शिक्षकाला, क्लासवाल्याला किंवा धाकट्या भावाचा अभ्यास घेणाऱ्या ताईला विचारा. त्या पोराकडून फुकट राबणूक करून घेतली, पण बदल्यात त्याला अक्षर मिळालं. आमच्या मुख्यमंत्र्यांना मोकळ्या तासाला फुल्या मारायला न लावता समरूपता समजावून सांगायला लावली असती, तर ४१चे कदाचित ६० झाले असते आणि शेवटच्या बाकावरचे दोघे काठावर तरी लागले असते. तसं होत नाही. शिकवणं हे शिक्षकाचं काम, तिथे विद्यार्थ्याचं अतिक्रमण खपवून घेतलं जात नाही. वर्षातून एक दिवस, पाच सप्टेंबरला, साडी नेसून शिकवायची परवानगी असते. त्या दिवशी वर्गातलं कुणीच ऐकत नाही, आणि खरे शिक्षक व्हरांड्यात उभे राहून “कळलं का आता आम्हाला काय होतं ते?” म्हणत हसतात.

कायद्याकडे वळू. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७. शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. कलम सोन्यासारखं आहे, आणि त्यातल्या अपवादांत किती शिक्षक मावतात ते राज्यातल्या कुठल्याही शाळेने सांगावं. आता २०२७च्या जनगणनेने त्यात भर पडायची. पण विद्यार्थ्याला अशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही, असं कलम कुठे आहे? कायदे करणाऱ्यांना तशी गरज वाटली नसावी. विद्यार्थी शाळेत शिकायलाच येतो अशी त्यांची भाबडी समजूत. मास्तरांच्या गळ्यातलं काम काढून घेता येत नाही म्हटल्यावर ते जिना उतरून दहावी अच्या मॉनिटरकडे येतं. तिच्याकडून ते पुढे कुठेच जात नाही.

गंमत म्हणजे कॉलेजच्या पुढाऱ्यांचं अभ्यासाचं बघायला थेट सर्वोच्च न्यायालय मध्ये पडलं. लिंगडोह समितीच्या २००६च्या शिफारशी न्यायालयाने लागू केल्या: उमेदवाराची हजेरी ७५ टक्के हवी आणि एकही विषय राहिलेला नको. महाराष्ट्राने तर त्याच्या आधीच, नव्वदच्या दशकात, कॉलेजातल्या खुल्या निवडणुका बंद करून टाकल्या होत्या. म्हणजे वीस वर्षांच्या बाप्याला पुढारी व्हायचं तर आधी हजेरी दाखव. पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र पुढारी व्हायचं म्हणून हजेरी लावून वर्गाबाहेर राहावं लागतं. तिची हजेरी शंभर टक्के असते. हजेरीपटावर पी लागतो, फक्त ती स्वतः ऑफिसच्या दारात असते.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हा सगळा मामला बूट-टायसकट होतो. तिथे शपथविधी नसतो, इन्व्हेस्टिचर सेरेमनी असते. हेड बॉय, हेड गर्ल, चार हाउस, चार कप्तान, चार उपकप्तान, शिवाय प्रीफेक्ट, शिस्तीचे वेगळे, पर्यावरणाचे वेगळे. खांद्यावरून पट्टा, छातीवर पितळी बिल्ला, बँडच्या तालावर पावलं, खाली बसलेले पालक मोबाइल उंच धरून. ब्लेझरचे पैसे पालकांचे. पालकही खुशीत असतात, कारण परदेशी विद्यापीठाच्या अर्जात लीडरशिपचा रकाना असतो आणि तो पाचवीपासून भरत आणावा लागतो, असं कुणीतरी समुपदेशक शुल्क घेऊन सांगून गेलेला असतो. तिथल्या हेड बॉयचा अभ्यास बुडत नाही. त्याचा अभ्यास शाळेत नसतोच, संध्याकाळच्या क्लासला असतो. शाळेत तो फक्त नेतृत्व करतो.

आमच्या महोदयांना असला रकाना कुठे? अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज मी उघडून पाहिला. जात, आरक्षण, माध्यम, इनहाउस, अल्पसंख्याक, व्यवस्थापन कोटा, सगळं आहे. ‘माजी मुख्यमंत्री’ असा रकाना नाही. बरं, दहावीला वाढीव गुण देण्यात आपलं मंडळ कंजूष नाही. खेळाडूला देतं, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला देतं, लोककलेला देतं, एनसीसी आणि स्काउट-गाइडलाही देतं. दोन वर्षं पाण्याच्या टाकीचं आणि डोंगरामागच्या सूर्याचं चित्र काढणाऱ्याला गुण आहेत. शाळा चालवणारीला मात्र नाहीत. आम्ही ते मागतही नाही. मागितले तर पुढच्या वर्षी प्रत्येक शाळेत चाळीस मंत्री होतील आणि मुख्यमंत्रिपदासाठी पालकांच्या ओळखी निघतील.

गुणांऐवजी तिला मिळते वर्णनात्मक नोंद. प्रत्येक मुलाबद्दल दोन शब्द लिहायची पद्धत आहे. ‘गटकार्यात पुढाकार घेते.’ ‘नेतृत्वगुण उत्तम.’ ‘जबाबदारीने वागते.’ या नोंदींची तयार यादी मोबाइलवर फिरत असते, तिच्यातून उतरवून घ्यायच्या असतात. पन्नास मुलांच्या नोंदी उतरवायला वेळ फार जातो. सर म्हणाले, “तुझं अक्षर छान आहे, जरा पेन्सिलने लिहून ठेव, मी वरून फिरवतो.” तेव्हा स्वतःचे नेतृत्वगुण उत्तम असल्याची नोंद महोदयांनी स्वतःच्याच हस्ताक्षरात केली आहे. असं भाग्य मोठ्या मुख्यमंत्र्यांनाही मिळत नाही. त्यांना त्यासाठी जनसंपर्क खातं ठेवावं लागतं.

पूर्वपरीक्षेनंतरच्या पालकसभेला तिची आई गेली होती. बाई पतसंस्थेत हिशेबाला आहेत, आकड्यात पक्क्या. घरून कागदावर मांडून नेलं होतं: आठवड्याला वहीचे इतके तास, कार्यक्रमांचे इतके, तालमींचे इतके. जूनपासून जानेवारीपर्यंत गणिताचे म्हणून किती गेले, तो आकडा खाली लाल शाईत, दोन रेघांमध्ये. त्यांनी शांतपणे कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “सर, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत आहे. एवढे तास तिला कोण भरून देणार?”

मुख्याध्यापकांनी कागद वाचला. माणूस वाईट नाही. त्यांच्याही शाळेत तीन पदं रिक्त आहेत, मामा बँकेतून यायचे आहेत, आणि सोमवारी तपासणी आहे. ते म्हणाले, “ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पण खरं सांगू का, तिच्यात नेतृत्वगुण आहेत हो. तेवढं सोमवारचं होऊ द्या, मग तिला पूर्ण मोकळी करतो.”

मग त्यांनी दाराकडे बघून हाक मारली. महोदया बाहेरच उभ्या होत्या, पालकांच्या सह्या घेत.

“ये गं आत. आईने मांडलेले मुद्दे आजच्या इतिवृत्तात नीट लिहून घे. आणि खाली लिही, कार्यवाही सुरू.”